उठत नाही म्हणजे मेला नाही : बूट न होणाऱ्या कॉम्प्युटरचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे मी अडखळलो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवला असेल. रात्री कॉम्प्युटर म्हणतो, 'अपडेट आहे, बंद करू नका.' तुम्ही म्हणता, बरं बाबा, कर. सकाळी बटण दाबता. पंखा फिरतो, लाइट लागतो आणि पुढे काहीच नाही. काळी स्क्रीन. किंवा निळी. किंवा कंपनीचा लोगो येतो, जातो, परत येतो, परत जातो.

अशा वेळी आपण काय करतो? मी काय केलं होतं, ते आधी सांगतो.

२०१६ची गोष्ट. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दिवाळीला तासगावला घरी आलो होतो. तिथे बाबांचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, सगळं. स्टुडिओत एकच कॉम्प्युटर. भाऊबीजेच्या आदल्या रात्री त्याने अपडेट घेतलं आणि सकाळी तो उठला नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात एक ओळ, की बूट करण्यासारखं काही सापडत नाही.

बाबा म्हणाले, "अरे, तू शिकतोस ना हेच? बघ की जरा."

मला तर तेच हवं होतं. हॉस्टेलवर मी पोरांचे लॅपटॉप फॉरमॅट करून द्यायचो, एका वडापावच्या मोबदल्यात. पेनड्राइव्ह लावला, सगळी पार्टिशन्स उडवली, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली. दीड तासात कॉम्प्युटर चकाचक. बाबांना हाक मारून सांगितलं, "झालं बघा!"

त्यांनी दोन मिनिटं माउस फिरवला आणि विचारलं, "आजीचं कुठं गेलं?"

आजी २०१४मध्ये गेली. त्याआधी एकदा बाबांनी जात्यावर बसलेल्या आजीचा व्हिडिओ काढला होता. ती ओव्या म्हणत होती, मध्येच हसत होती आणि 'बंद कर रे ते' असं म्हणत होती. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. दुसऱ्या पार्टिशनवर होता. ते पार्टिशनही मी उडवलं होतं आणि वरून दहा-पंधरा जीबी नवीन सामान लिहून ठेवलं होतं. नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. काही लग्नांचे फोटो अर्धेमुर्धे मिळाले. आजी नाही मिळाली.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "असू दे. मशीन हाय, बिघडणारच."

पण मशीन बिघडलं नव्हतं, आणि हे मला कळायला पुढे तीन-चार वर्षं लागली. डिस्क ठणठणीत होती. आजीचा व्हिडिओ जागच्या जागी होता. फक्त कॉम्प्युटरला पहिली पायरी सापडत नव्हती. मी पायरी दुरुस्त करायची सोडून घर पाडलं.

म्हणून आजचा भाग. 'बूट होत नाही' म्हणजे नेमकं काय होत नाही? ही भानगड कधीपासून आहे? आणि अडकलेल्या मशीनला आजवर लोकांनी कसं बाहेर काढलं?

स्वतःच स्वतःला उचलायचं कसं?

आधी शब्द बघू. 'बूट' म्हणजे पायातला बूटच. उंच बुटांना मागे कातडी पट्टा असतो, बूट ओढून चढवायला. त्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात अशक्य गोष्टीची थट्टा करताना म्हणायचे, की हा माणूस आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला हवेत उचलतोय. आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणायचं तर, आपणच आपल्या खांद्यावर चढून बसणं.

कॉम्प्युटरची अडचण नेमकी हीच आहे. डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायचा, तर तो आणायला एक प्रोग्राम लागतो. तो कुठून आणायचा? डिस्कवरून. मग त्याला कोण आणणार? मेमरी तर वीज गेली की कोरी होते.

सुरुवातीच्या काळात याचं उत्तर होतं माणूस. १९५२मध्ये आयबीएमने ७०१ नावाचं मशीन जाहीर केलं. त्यावर 'लोड'चं बटण होतं. ते दाबलं की पंच कार्ड, टेप किंवा ड्रमवरून पहिला छोटासा तुकडा मेमरीत यायचा, तो तुकडा पुढचा तुकडा आणायचा, आणि असं करत करत अख्खा प्रोग्राम चढायचा. लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला बोट देतो ना आपण, तसं ते बटण.

सगळ्यांना बटणाचीही चैन नव्हती. १९७५च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचा डबा झळकला. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. समोर स्विचेसची रांग आणि लुकलुकणारे लाल दिवे. प्रोग्राम द्यायचा म्हणजे आठ स्विच वर-खाली करून एक बाइट तयार करायचा, दुसरा स्विच दाबून तो मेमरीत ठेवायचा आणि मग पुढचा बाइट. एक चूक झाली की परत सुरुवात. वीज गेली की सगळंच परत.

हा डबा बघून दोन पोरांनी त्यासाठी बेसिक ही भाषा लिहायला घेतली, बिल गेट्स आणि पॉल अॅलन. गंमत म्हणजे त्यांच्याकडे अल्टेअर नव्हताच. हार्वर्डच्या मोठ्या कॉम्प्युटरवर त्यांनी अल्टेअरची नक्कल उभी केली आणि त्यावर काम केलं. तयार प्रोग्राम कागदी पट्टीवर पंच करून अॅलन विमानाने अल्बुकर्कला निघाले, कंपनीला दाखवायला. विमान उतरायला लागलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की पट्टी आहे, पण ती वाचून मेमरीत टाकणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटस्ट्रॅप लोडर, आपण लिहिलेलाच नाही! आहे का नाही कमाल? वऱ्हाड निघालं, नवरदेव घरीच.

त्यांनी विमानातच वहीवर तो लोडर हाताने लिहून काढला. कंपनीत पोहोचल्यावर स्विच वर-खाली करत एकेक बाइट मशीनला भरवला. कागदी पट्टी सरकू लागली. मशीनने मेमरी किती आहे ते विचारलं. अॅलनने दोन अधिक दोन किती, असा हिशेब टाकला. चार आले. मायक्रोसॉफ्टची सुरुवात तिथे झाली.

या गोष्टीत मला काय महत्त्वाचं वाटतं सांगू? सगळ्या करामतीचं सामान त्या पट्टीवर होतं, आणि लोडर म्हणजे वहीतल्या जेमतेम काही ओळी. तरीही त्या ओळींशिवाय पट्टी म्हणजे नुसता भोकं पाडलेला कागद. सामान शाबूत असतं, पण त्यापर्यंत पोहोचवणारा छोटा दुवा नसतो. 'बूट होत नाही' या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

साखळी

पुढे हा छोटा लोडर माणसाच्या बोटांतून काढून चिपमध्ये कोरला गेला. वीज गेली तरी न विसरणारी चिप, रॉम. १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यात हा चिपमधला प्रोग्राम होता. त्याचं नाव बायोस. बटण दाबलं की बायोस आधी तपासणी करतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का. मग डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. त्यात किती जागा? ५१२ बाइट. मराठीत एखादा छोटा मेसेज मावेल एवढी. त्या ५१२ बाइटमधला प्रोग्राम पुढचा मोठा प्रोग्राम शोधतो, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल चढवतो, कर्नल ड्रायव्हर चढवतो, आणि मग कुठे तुम्हाला पासवर्डची चौकट दिसते.

आज बायोसच्या जागी यूईएफआय आलंय, ५१२ बाइटच्या जागी डिस्कवर वेगळं छोटं पार्टिशन आलंय. पण साखळी तीच. कडीला कडी. एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या कड्या धडधाकट असूनही निरुपयोगी.

आणि अपडेट काय करतं? चालत्या गाडीची चाकं बदलायला नको म्हणून ते गाडी थांबवतं, म्हणजे रीस्टार्ट मागतं, आणि या साखळीतल्या काही कड्या काढून नव्या बसवतं. मध्येच वीज गेली, डिस्क भरली, नवी कडी जुन्या हार्डवेअरला बसली नाही, की संपलं.

म्हणून कॉम्प्युटर उठला नाही तर पहिला प्रश्न 'मेला का?' असा विचारू नका. 'किती पायऱ्या चढला?' असं विचारा. लोगोसुद्धा येत नाही? मग भानगड हार्डवेअरची किंवा फर्मवेअरची. लोगो आला आणि 'बूट डिव्हाइस नाही' म्हणाला? मग पहिला दुवा हरवलाय. डेटा बहुधा आहे. निळी स्क्रीन आली? मग तो बराच वर चढलाय, एखादा ड्रायव्हर पाय ओढतोय. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५मध्ये सेफ मोड दिला तो याचसाठी. अगदी लागतील तेवढेच ड्रायव्हर घेऊन, काठी टेकत का होईना, पण उठायचं. त्या काळात सुरू होताना एफ-८ दाबायचं, हे सायबर कॅफेवाल्या प्रत्येक दादाला पाठ होतं.

मग विंडोज ८ आलं, २०१२मध्ये. तोवर कॉम्प्युटर इतके झटपट सुरू व्हायला लागले होते, की एफ-८ दाबायला मिळणारा वेळ २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी उरला. पापणी लवते न लवते तेवढ्यात संधी गेली. मायक्रोसॉफ्टने स्वतःच हे सांगितलं आणि रस्ता बदलला. आता मशीन लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता पडलं, तर ते आपणहून दुरुस्तीच्या खोलीत जातं. ही खोली मुख्य सिस्टीमच्या बाहेर, वेगळ्या पार्टिशनवर असते. ही 'वेगळी खोली' लक्षात ठेवा. आजच्या भागाचं सार तिथेच आहे.

मंगळावरची दोन मशीन्स

आता एक कल्पना करा. तुमचा कॉम्प्युटर उठत नाहीये आणि तो मंगळावर आहे. बटण दाबायला कुणी नाही. पेनड्राइव्ह लावायला कुणी नाही.

नासाचं 'व्हायकिंग १' २० जुलै १९७६ला मंगळावर उतरलं आणि सहा वर्षांहून जास्त काळ काम करत राहिलं. त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होत आल्या होत्या. नोव्हेंबर १९८२मध्ये पृथ्वीवरून त्याला बॅटरी चार्जिंगसाठी नवीन सॉफ्टवेअर पाठवलं गेलं. हेतू चांगला, आयुष्य वाढावं हा. पण नवीन सामान मेमरीत ज्या जागी लिहिलं गेलं, तिथे अँटेना कुठे वळवायची याची माहिती होती. ती पुसली गेली. व्हायकिंगची मान पृथ्वीकडून फिरली आणि संपर्क तुटला तो कायमचाच. काही महिने हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

ही बूट न होण्याची केस नाही, हे मान्य. पण अपडेटने मशीन गमावल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मशीन मेलं नव्हतं, ते कदाचित आणखी काही काळ चालूही राहिलं असेल. त्याला फक्त आपल्याकडे बघता येत नव्हतं.

आता दुसरं मशीन. 'स्पिरिट' रोव्हर, जानेवारी २००४. उतरल्यावर अडीच आठवड्यांनी, २१ जानेवारीला, त्याने नीट उत्तर देणं बंद केलं. अधूनमधून नुसती पिंग, कधी निरर्थक डेटा. हळूहळू इंजिनिअरांच्या लक्षात आलं, की रोव्हर बूट लूपमध्ये अडकलाय. उठतो, पडतो, उठतो, पडतो. साठहून जास्त वेळा तो रीस्टार्ट झाला होता. वाईट म्हणजे रात्री झोपायचं सोडून तो जागा राहत होता आणि बॅटरी संपवत होता.

कारण ऐकाल तर हसाल. फाइल्स फार झाल्या होत्या! फ्लॅश मेमरीत प्रवासातल्या जुन्या फाइल्स साठलेल्या होत्या. सुरू होताना सिस्टीम त्या सगळ्यांची यादी रॅममध्ये मांडायला जायची, रॅम पुरायची नाही, आणि सिस्टीम पडायची. परत उठली की परत पहिलं काम काय? तीच यादी. आपल्या फोनमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो साठतात ना, त्याचीच ही मंगळावरची आवृत्ती.

पण स्पिरिट बनवणाऱ्यांनी एक दार आधीच ठेवलं होतं. 'फ्लॅश मेमरीकडे बघूच नकोस, तिच्याशिवाय ऊठ' अशी एक आज्ञा. लंगडत का होईना, पण उठ. २४ जानेवारीला ती आज्ञा पाठवली. स्पिरिट उठला आणि शांत राहिला. मग दुरून, धीराने, त्यांनी फ्लॅशमध्ये काय बिघडलंय ते तपासलं, त्यातला डेटा उतरवून घेतला, फाइल्स काढल्या, आणि सगळ्यात शेवटी, फेब्रुवारीत, फ्लॅश फॉरमॅट केली.

सगळ्यात शेवटी. मी ते सगळ्यात आधी केलं होतं.

स्पिरिटचं ठरलेलं आयुष्य होतं मंगळाचे ९० दिवस. तो मार्च २०१०पर्यंत बोलत राहिला.

अठ्ठ्याहत्तर मिनिटं

आता आपल्या आठवणीतली गोष्ट. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीने जगभरच्या ग्राहकांच्या विंडोज मशीन्सवर एक छोटी फाइल पाठवली. २९१ नंबरची चॅनल फाइल. यात नवीन प्रोग्राम असा काही नव्हता. हल्ले ओळखायच्या खुणांची एक यादी, बस.

पण या यादीच्या साच्यात २१ रकाने होते आणि ती वाचणारा प्रोग्राम २०च माहिती पुरवत होता. एकविसावा रकाना वाचायला तो गेला आणि आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत घुसला. साधं अॅप असतं तर तेवढंच अॅप बंद पडलं असतं. पण हा प्रोग्राम कर्नलमध्ये बसलेला, आणि तिथे असली चूक झाली की अख्खी सिस्टीम स्वतःला थांबवते. निळी स्क्रीन. रीस्टार्ट. आणि सुरक्षेचा ड्रायव्हर असल्याने तो सुरुवातीलाच चढतो, चढताच तीच फाइल वाचतो, आणि परत निळी स्क्रीन. स्पिरिटचंच दुखणं, पण लाखो मशीन्सवर एकाच वेळी.

१० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने फाइल मागे घेतली. ७८ मिनिटं. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख मशीन्स पडली होती. एकूण विंडोज मशीन्सच्या तुलनेत हे एक टक्क्याहून कमी. पण ही एक टक्का मशीन्स विमानतळांवर, बँकांत आणि हॉस्पिटलांत होती. त्या दिवशी जगभरात पाच हजारांवर विमानं रद्द झाली. अमेरिकेत एकट्या डेल्टाने पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द केली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यांचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील.

त्या दिवशी मी पुण्यात ऑफिसमध्ये होतो. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून आम्ही वाचलो. शहाणपण नव्हे, नशीब. सगळे हसत होते, मीम पाठवत होते. मला मात्र एकच प्रश्न छळत होता. दुरुस्त फाइल तर आली, मग मशीन्स उठत का नाहीत?

कारण औषध दुकानात आलं होतं, पण पेशंटला दारापर्यंत चालता येत नव्हतं. दुरुस्त फाइल इंटरनेटवर, आणि मशीन इंटरनेटला पोहोचायच्या आधीच कोसळतंय. काही मशीन्स पुन्हापुन्हा रीस्टार्ट केल्यावर त्या फटीतून फाइल उतरवून घ्यायची. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या मशीन्ससाठी सांगितलं होतं, की पंधरा वेळासुद्धा रीस्टार्ट करावं लागेल. बाकीच्यांसाठी उपाय तोच जुना. माणसाने मशीनसमोर जाऊन बसायचं, सेफ मोड किंवा दुरुस्तीच्या खोलीत शिरायचं, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाइल डिलीट करायची आणि रीस्टार्ट करायचं. काम पाच मिनिटांचं, पण ते प्रत्येक मशीनवर जाऊन.

त्यात आणखी एक कुलूप. ऑफिसच्या मशीन्सची डिस्क सहसा बिटलॉकरने कुलूपबंद असते. दुरुस्तीच्या खोलीतून आत जायचं तर ४८ अंकी किल्ली टाकावी लागते. आणि काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तेच सर्व्हर पडलेले! कपाटाची किल्ली कपाटातच.

ऑस्ट्रेलियातल्या एका अकाउंटिंग फर्मच्या आयटी टीमने यावर झकास युक्ती काढली. ४८ आकडे फोनवर सांगायचे आणि समोरच्याने टाइप करायचे, यात चुका किती होणार? त्यांनी किल्ल्यांचे बारकोड बनवले आणि दुकानात असतो तसला बारकोड स्कॅनर लावला. कॉम्प्युटरला स्कॅनर म्हणजे कीबोर्डच वाटतो. बीप, आणि ४८ आकडे आत.

साधारण दहा दिवसांत ९९ टक्के मशीन्स परत आली. पॉल अॅलनने १९७५ला केलं तेच जगभरच्या आयटीवाल्या पोरापोरींनी २०२४ला केलं. मशीनसमोर उभं राहून, हाताने, पहिली कडी परत जोडली. डेटा? तो सगळा वेळ जागच्या जागी होता.

तुमच्या खिशातली दोन घरं

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर सगळं फोनवरच करतो. फोनमध्ये असं का होत नाही फारसं?

कारण फोनवाल्यांनी व्हायकिंगचा धडा घेतला असं समजा. अँड्रॉइड ७, २०१६. तेव्हापासून अनेक फोनमध्ये सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. ए आणि बी. तुम्ही ए वापरत असता, अपडेट गुपचूप बीमध्ये लिहिलं जातं. रीस्टार्ट झालं की फोन बीमधून उठतो. उठला तर उत्तम. काही प्रयत्नांत नाहीच उठला, तर बूटलोडर परत एकडे वळतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. राहत्या घराची दुरुस्ती करायची सोडून शेजारी दुसरं घर बांधायचं, आणि ते गळत नाही हे पाहिल्यावरच सामान हलवायचं. कॉम्प्युटरही आता त्या दिशेने निघालेत. २०२४च्या त्या शुक्रवारनंतर मायक्रोसॉफ्टने 'क्विक मशीन रिकव्हरी' आणली. न उठणारं मशीन दुरुस्तीच्या खोलीतूनच इंटरनेटला जोडायचं आणि तिथेच औषध आणून द्यायचं.

या सगळ्या गोष्टी मी एका दोऱ्यात ओवल्या त्या एका कारणासाठी. अल्टेअरच्या पुढच्या स्विचपासून स्पिरिटच्या त्या आज्ञेपर्यंत, सेफ मोडपासून फोनमधल्या दुसऱ्या घरापर्यंत, मशीन वाचलं ते एकाच गोष्टीमुळे. बिघडलेल्या सिस्टीमच्या बाहेर, अपडेटचा हात पोहोचणार नाही अशी एक छोटी जागा कुणीतरी आधी राखून ठेवली होती. व्हायकिंगकडे ती जागा उरली नाही. आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरकडे ती होती, पण मला माहीत नव्हती.

म्हणून इतिहास सोडून दोन मिनिटं कामाचं बोलतो. तुमचं किंवा घरच्यांचं विंडोज मशीन अपडेटनंतर उठलं नाही, तर हा क्रम ठेवा. आधी थांबा. अपडेट खरंच चालू असू शकतं, तासभर द्या. मग बाहेरचं सगळं काढा. पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर. कधीकधी तो पेनड्राइव्हमधूनच उठायचा प्रयत्न करत असतो. तरी नाही झालं, तर दोन-तीनदा सुरू होता होता पॉवर बटण दाबून ठेवून बंद करा, दुरुस्तीची खोली उघडेल. तिथे स्टार्टअप रिपेअर करून बघा. मग शेवटचं अपडेट काढून टाकायचा पर्याय. मग सेफ मोड. काहीच जमलं नाही, तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन उठवा आणि तुमच्या फाइल्स बाहेर काढून घ्या. डिस्कला कुलूप असेल तर ती ४८ अंकी किल्ली लागेल. ती आत्ताच, हे वाचून झाल्यावर, शोधून कागदावर लिहून ठेवा. आणि फॉरमॅट? सामान बाहेर आल्यावरच. स्पिरिटसारखं.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर बाबांचा फोन आला. स्टुडिओतला कॉम्प्युटर, आता दुसरा आहे, अपडेट घेऊन बसला होता. मी 'हॅलो' म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "हे बघ, फॉरमॅट मारायचा नाही हं."

मी हसलो, पण आत कुठेतरी लागलं. आठ-नऊ वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता.

व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मोबाइल स्क्रीनसमोर धरला. कॅमेरा सवयीने एकदम नीट फ्रेममध्ये. मी सांगत गेलो, ते करत गेले. बटण दाबून ठेवा. सोडा. परत. निळी पाटी आली? वाचा काय लिहिलंय. घाई नाही. शेवटचं अपडेट काढून टाका. हो म्हणा. चाळीस मिनिटं लागली. मध्ये एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला आलं, त्याला बाबांनी 'थोडं बसा, कॉम्प्युटर उठतोय' असं सांगितलं.

उठला. सगळं जागच्या जागी. मी म्हणालो, "बाबा, पुढच्या वेळी मी आलो की बॅकअपचं बघू."

ते म्हणाले, "ते केलंय मी." आणि मोबाइल वळवून लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि मार्करने लिहिलेली वर्षं. पहिल्या पट्टीवर २०१६ होतं, दिवाळीनंतरचं.

आजीचा तो व्हिडिओ काही परत येणार नाही. पण तुमच्या घरात जो कॉम्प्युटर आज ना उद्या उठणार नाही, त्यात कुणाचा तरी आवाज असेल. त्या सकाळी घाई करू नका, एवढंच सांगायचं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ती ४८ अंकी किल्ली शोधा, आणि हा भाग घरातल्या त्या एका व्यक्तीला पाठवा, जिला सगळे 'तू शिकतोस ना हेच' असं म्हणतात.